रविवारी चारला न आलेल्यांसाठी

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, अविवाहित, धंदा बुकबाइंडिंगचा (आता बंद), लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला आधी कोणी घरी यावे लागते. फॅमिली डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते माझी सगळ्यांवर माया होती तेव्हाचे आहे.

१. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: माझ्या जेवणाच्या टेबलावर अठरा वर्षे दर रविवारी दुपारी चारला एक खेळ चाले. मी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले एकेक पात्र व्हायचे आणि कोणाचे काय होते ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचे. आई गेल्यावर धाकट्या भावाला भरवताना मी गोष्टी सांगत असे; खेळ तिथूनच वाढला. खेळाडू चार: धाकटा, त्याची बायको, दातांचे डॉक्टर आणि घड्याळजी. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, एवढाच नियम. न आलेल्याचे पात्र त्या दिवशी तापाने फणफणून हातगाडीत पडून राही आणि आलेल्यांनी ती गाडी ओढायची. हजेरी मी वहीत मांडत असे.

२. माझ्या खुब्याचे ऑपरेशन झाले, खेळ तीन महिने थांबला. मग मी सर्वांना कळवले. डॉक्टर म्हणाले, हल्ली रविवारीही पेशंट असतात. घड्याळजींना गुडघ्यांमुळे माझा जिना झेपेना. धाकट्याला ऑफिसचे काम निघाले. आली फक्त भावजय. खेळातली तिची गुराखीण तीन आजारी वीरांची गाडी ओढत सात रविवार डोंगर चढत होती. फाशावर किती पडले की काय होते, हे तिला कधीच समजले नाही. ती फक्त विचारायची, “वन्सं, मग पुढे काय झालं?”

आठव्या रविवारी भावजय माहेरी गेली होती. तसे तिने बुधवारीच कळवले होते. माझ्या दाढेतले सिमेंट निघाले, म्हणून काठी टेकत मी डॉक्टरांकडे गेले. दवाखान्याला कुलूप, वरच्या खोलीत हसणे. वर गेले. टेबलावर गोष्टीतल्या मुलखाचा माझा नकाशा होता, ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलेला. गोष्ट सांगणाऱ्याच्या जागी डॉक्टर, शेजारी घड्याळजी. फासा धाकट्याच्या हातात. कोणी उठून खुर्ची दिली नाही.

धाकटा म्हणाला, “ताई, तू हजेरी घेतेस. तुझ्याकडे शाळेत आल्यासारखं वाटतं.”

मी म्हटले, “मग सांगून वहीतून नाव काढून घ्यायचं होतंस.”

एवढेच बोलून खाली आले. दाढ दुसरीकडे भरून घेतली.

३. सबब, दातांच्या डॉक्टरांना माझी हजेरीवही द्यावी. मी ती नव्याने शिवून, पाठीला चामडे लावून, वर त्यांचे नाव सोनेरी अक्षरांत उठवले आहे. त्यांची प्रत्येक सबब तारखेसह आत आहे. एकच आत्या तीनदा वारली, तीही पाने आहेत. पेशंट बसतात त्या बाकावर वही ठेवणार असतील तरच नकाशाची मूळ प्रतही द्यावी.

४. घड्याळजींना माझी काठी. माझ्याकडे तेरा पायऱ्या आहेत, डॉक्टरांकडे एकतीस. त्या दिवशी मी एकेक मोजली.

५. पुस्तके दाबायचा शिकंजा, दाभणे व कटर माझ्याकडे पुस्तकांच्या शिवणीला असलेल्या बाईंना. बावीस वर्षांत त्यांनी न सांगता एकही दांडी मारली नाही.

६. माझे स्वकष्टार्जित राहते घर, बँकेतील ठेव व उरलेले सर्व सामान माझ्या भावजयीला, तिच्या एकटीच्या नावे. तिच्या नवऱ्याचा त्यात कोणताही हक्क वा हितसंबंध राहणार नाही. त्याला इथे राहायचे असल्यास तिची परवानगी घ्यावी.

७. धाकट्याला त्याची खुर्ची. बसायची जागा त्याने पाहून घ्यावी. त्याला मी अक्षरे शिकवली, त्याच्या तापात उशाशी बसले, हे इथे लिहायचे नव्हते. पण शाईने लिहिले आहे, तर राहू दे.

८. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर काम पाहतील. ते वेळेवर येतात.

९. गोष्टीचा शेवट मी कुठेही लिहिलेला नाही. त्यासाठी कपाटे उचकू नयेत. गेल्या रविवारी भावजयीला मी या कागदाविषयी सांगितले. घराचे ऐकून ती म्हणाली, “घराचं राहू द्या, वन्सं. पुढचं सांगा.” मी शेवटापर्यंत सांगितले. दोन तास लागले. मध्ये एकदा तिने डोळे पुसले, एकदा मी.

ती निघाली तेव्हा मी म्हटले, तुझा नवरा शेवट विचारील. सांगायचे की नाही, ती तुझी मर्जी.

तिने दारात चपला घातल्या आणि शांतपणे म्हणाली, “विचारू देत की. दर रविवारी विचारू देत.”

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या मनासारखा उतरला आहे, म्हणून साक्षीदारांदेखत सही करते.

स्थळ: माझ्या घरातील जेवणाचे टेबल
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार, दुपारी चार

सही: लिहून ठेवणारी, बुकबाइंडर

साक्षीदार:
१. सही: शेजारच्या नर्सबाई (हजर)
२. सही: कोपऱ्यावरचे चावीवाले (हजर)