चौथा पाय

रविवार, ११ मे

चि. बेबीस अनेक आशीर्वाद. (केस पिकले तरी तू बेबीच. माझा नाइलाज आहे.)

इकडे सगळे खुशाल, एक मी सोडून. माझ्याच घरात माझ्यावर घोर अन्याय झाला आहे, आणि तो करणारी तुझी लेक आहे. सुट्टीला म्हणून आली आणि माझं टेबल फिरवून मोकळी झाली. आता खण भिंतीकडे, कोपरा माझ्या पोटात. उठायचं झालं तर तिला हाक मारावी लागते. ती येते, पण सावकाश.

खोली तुला माहीत आहेच. भिंत, कपाट, टेबल आणि उरलेल्या जागेत मी. एकवीस वर्षं शिकवणीच्या पोरांसाठी त्याच धड्यांवर तीच गणितं काढतोय, फक्त पेनांच्या जागी पेन्सिली करतो. कुणी पुढचं विचारलं की "परीक्षेला नाही" हे उत्तर तयार असतं.

टेबल डुगडुगायचं म्हणून चौथ्या पायाखाली मी काहीतरी सारलं होतं. परवा तुझ्या वकीलबाईने ते ओढून काढलं, तिथेच फरशीवर फतकल मारून वाचलं आणि म्हणाली, "मामा, पाय सारखेच आहेत, फरशी वाकडी आहे. चौरस टेबल जागच्या जागी फिरवत गेलं, की पाव फेरीच्या आत कुठेतरी चारही पाय टेकतात. का टेकतात तेही दिलंय."

"काहीही."

तिने फिरवलं. टेकले. मी वर चहा ठेवून पाहिला, हलला नाही.

"म्हणजे इतकी वर्षं उत्तरावरच टेबल ठेवलं होतंस," ती म्हणाली. मग जरा हळू, "समासात आईचं अक्षर आहे."

हो, तेच पुस्तक. शाळेतल्या गणिताच्या बाईंनी तुला दिलेलं. नववीत तू त्यातलं एक कोडं मला विचारलंस. मी कॉलेजात गणितात पहिला, आणि मला ते सुटेना. दुसऱ्या दिवशी पुस्तक हरवलं. दोन दिवस सगळं घर शोधत होतं. कॉटखाली टॉर्च मीच मारला. "जाऊ दे, परीक्षेला नव्हतंच ते," असंही मीच म्हणालो. पुढे तू गणित सोडलंस, तेव्हा सगळ्यांनी तुला कारण विचारलं. मी विचारलं नाही.

आता तू तिकीटखिडकीमागे, मी टेबलामागे. हे हसत हसत लिहायचं ठरवलं होतं.

वकीलबाई उद्या निघते. "मी सांगू, की तू लिहितोस?" एवढंच विचारलं तिने. पुस्तक तिच्या पिशवीत आहे, त्यात हे पत्र. मागची पानं चेपली आहेत, समास शाबूत आहेत.

तुझं कोडं पान एकतीसवर आहे. काल दिवसभर बसलो. उत्तर शेवटी दिलंय, ते पाहिलं नाही. तुझ्या ओळींखाली पेन्सिलीने तीन ओळी लिहिल्यात. पुढचं मला येत नाही.

तेव्हाही येत नव्हतं. एवढंच तुला सांगायचं राहिलं होतं.

टेबल आहे तसंच ठेवलंय.

तुझा,
दादा