आभाळाचा काठ सोडणारा

१२ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा घसा बसलाय, त्याचं पुढे लिहिते.

आधी तुझ्या मंडळाचं. अरे, डोकं फिरलंय का तुमचं? इतक्या लांब बसून 'आपली ओळख, आपला वारसा' म्हणून पुस्तिका काढताय, खुशाल काढा. पण फाटलेलं आभाळ शिवणाऱ्या पहिल्या आईची गोष्ट आपल्या आईच्या आवाजात रेकॉर्ड करून हवी, आणि त्यातला धाकटा मात्र गाळायचा? का, तर 'आपला मूळपुरुष पळपुटा कसा चालेल?' तुझं हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती शिलाई मशीनवर बसली होती. इतकी हसली की दोरा तुटला.

म्हणाली, "सहा भावंडांनी आभाळाचा काठ धरला. सातवा कंटाळला, काठ सोडून पळाला. तेवढंच शिवायचं राहिलं, म्हणून तर तिथून पाऊस पडतो. त्याला गाळलं तर प्यायचं काय, डोंबल?"

घे! सांग आता तुझ्या मंडळाला.

तरी तुझ्या हट्टापायी दर रविवारी तिला रेकॉर्डिंगला बसवते. मोबाईल समोर ठेवते, गोष्ट छान सुरू होते, आणि धाकटा पळाला की बाई गप्प. विचारलं, "पुढे?" तर म्हणे, "हुंकार कोण देणार?" मी दिला की! हं हं करून माझा घसा दुखला. तर म्हणते, "तुझा नको. पुढचं त्याला सांगायचंय." औषधं मी द्यायची, दवाखान्याच्या रांगेत मी ताटकळायचं, आणि हुंकार लाटसाहेबांचा! रडू आलं मला, सांगून ठेवते.

लहानपणीही हेच. तू अर्ध्यावर झोपायचास, ती तिथेच थांबायची आणि मी टक्क जागी. म्हणजे शेवट मला माहीत नाही, आणि वारसा सांभाळणाऱ्या तुलाही नाही. तो एकट्या आईपाशी आहे.

घशाचं लिहायचं टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. घसा नुसता बसलेला नाही रे. गाठ आहे. पाच मार्चला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. तुला कळवायचं नाही म्हणून तिने शपथ घातलीय, आणि फोनवर बोलताना ती शेजारीच असते, म्हणून हे पत्र. म्हणे, "कामं टाकून धावत येईल." मी म्हटलं, "येईल असं खरंच वाटतं तुला?" ती नुसती मशीन चालवत राहिली.

पुस्तिकेत काय छापायचं ते छापा. पण पाच तारखेच्या आत तू स्वतः ये. तिच्यासमोर बस आणि हुंकार दे. पळून गेलेल्याचं पुढे काय झालं, ते तिला तुलाच सांगायचंय.

आणि या खेपेला झोपू नकोस, मेल्या. मलाही ऐकायचंय.

अजून काठ धरून उभी असलेली,
तुझी ताई