मंठ्याकडून दोन, खालून

३ नोव्हेंबर, सोमवार

हरलो! आणि माझ्यामुळं हरलो. तरी पोट दुखेपर्यंत हसले.

संध्याकाळचा कॉम्प्युटरवरचा विमानांचा खेळ. मी नेहमीप्रमाणे जमिनीवर, रडारच्या खुर्चीत. आकाशात आमचे तिघं – पुण्याहून माझी लेक यशश्री, मंठ्याहून नणंद बेबीनंदा आणि तिचे भारतराव. आम्ही चौघं चार घरांतून नाही, तीन घरांतून खेळतो. बेबी आणि भारतराव एकाच खोलीत, दोन कॉम्प्युटरवर. पडद्यावर मला शत्रूचे दोन ठिपके दिसले. माइकमध्ये ओरडले, "बेबी, अंबडकडं वळ!"

आमची भाषाच तशी आहे. खेळातले दिशेच्या अंशांचे आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत. दिवसभर जालना स्टँडवर माइकवर गाड्या पुकारायच्या, संध्याकाळी तोंडात तेच. पहिल्या आठवड्यात मी पुकारलं होतं, "मंठ्याकडून येणारी दोन, खालून!" तेव्हा यशू म्हणाली, "आई, त्या बस न्हाईत!" पण कळलं मात्र सगळ्यांना. तेव्हापासून आमचा विमानतळ म्हणजे जालना. धावडा उत्तर, अंबड दक्षिण, मंठा पूर्व, बदनापूर पश्चिम.

तर बेबी अंबडकडं वळली. पण दक्षिणेला नाही – पश्चिमेला! समोरून भारतराव येत होते. धाडकन! दोन्ही विमानं गेली.

"अगं बेबी, अंबड दक्षिणेला!"

"तुमच्या जालन्यावरून असंल, वहिनी! मी मंठ्यात बसून राह्यले ना! आमच्या इथून अंबड मावळतीलाच हाय!"

मागून भारतराव, शांतपणे – "नवरा-बायकोची टक्कर घरी बराबर होऊन राह्यली होती. एवढ्या उंचावर जायची काय गरज होती?"

४ नोव्हेंबर, मंगळवार

ड्यूटीवर सारखं तेच डोक्यात. बेबी चुकली नव्हती. मंठ्याहून अंबड पश्चिमेलाच आहे. मी माझ्या खुर्चीतून सांगितलं, तिनं तिच्या खुर्चीतून ऐकलं.

मग रडारनं कुठून बघून सांगावं? विमानतळावरून, की ज्याला सांगायचं त्याच्या विमानातून?

५ नोव्हेंबर, बुधवार

नवीन पद्धत. गावांची नावं बंद. "बेबी, तुझ्या उजव्या हाताला, वरती." "भारतराव, तुमच्या पाठीशी एक आहे."

सोपं नाही! प्रत्येकाचं तोंड कुठं आहे ते मला आधी लक्षात ठेवावं लागतं. म्हणजे मनानं एकेकाच्या मागं जाऊन उभं राहायचं, त्याच्या खांद्यावरून बघायचं आणि मग बोलायचं. यशूच्या मागं उभं राहायला मला सगळ्यात कमी वेळ लागतो.

जिंकलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वाईट बातमी. खेळाच्या कंपनीनं जाहीर केलंय – रविवारपासून आठवडाभर प्रयोग. शत्रूची सगळी विमानं सगळ्यांना, सगळा वेळ नकाशावर दिसणार. कुठं आहे, किती उंचावर, कुठल्या जातीचं – सगळं! मग खेळाडूंची मतं घेणार आणि कायमचं ठरवणार. खेळाडूंना आवडलं तर रडारची खुर्ची बंद. गरजच काय तिची?

हे दारातून म्हणाले, "बरं झालं की. तुझ्या घशाला आराम."

घशाचं नाही हो.

यशू जूनमध्ये नोकरीला पुण्याला गेली. रोज फोन. "जेवलीस का?" "जेवले." "काय होतं?" "मेसचं." "बरं." मग फोन बंद. तिला घाई, मला भीती – जास्त विचारलं तर चिडेल. शेवटी तिनंच हा खेळ माझ्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. मला विमान काही जमलं नाही. धावपट्टीवरूनच शेजारच्या झाडात. मग तिनं मला रडारवर बसवलं. आणि आम्ही बोलायला लागलो! "आई, कुठंय तो?" "थांब, डोंगराआड गेला... आता आला, खाली बघ!" खेळ संपल्यावरही ती लगेच जात नाही. ऑफिसातली साक्षी, चहा, पावसात भिजलेली पर्स – सगळं सांगते.

खुर्ची गेली तर पुन्हा मेसचं.

९ नोव्हेंबर, रविवार

सगळं दिसतंय. लाल ठिपके, हलतायत, बाजूला आकडे. माझ्या पडद्यावर जे, तेच तिघांच्याही समोर.

मी म्हणाले, "यशू, तुझ्या डाव्या..."

"दिसला, आई."

"भारतराव..."

"दिसून राह्यलं, वहिनी."

मग मी बोलायची थांबले. कुणीच बोललं नाही. फक्त विमानांचा आवाज.

१० नोव्हेंबर, सोमवार

जिंकलो. पुन्हा जिंकलो. कुणी हसलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीला मत लिहून पाठवलं. मराठीत! भाषांतर करतील त्यांचं ते. बसले तशी लिहीतच गेले.

लिहिलं की – स्टँडवर माणूस येऊन विचारतो, गाडी कुठवर आली? मी सांगते, अंबड सोडलं. मला गाडी दिसत नसते. अंबडहून मला फोन आलेला असतो. मघाशी ती तिथं होती, एवढंच खरं. रडारनंही तेवढंच सांगावं. पडद्यावरची पट्टी फिरली, ठिपका उमटला, आणि पुढची फेरी येईपर्यंत तो विझत जावा. जुनी खबर जुनी दिसली पाहिजे. डोंगराआडून कुणी खालून आलं तर दिसू नये. आपला की परका, ते लगेच कळू नये, जरा घालमेल व्हावी. आणि वैमानिकानं स्वतःच्या विमानातलं रडार लावलं तर समोरच्याच्या कानात टिकटिक वाजायलाच हवी. तू बघतोस ना? मग तूही दिसणार. हे आता आहे, ते काढू नका.

आणि मुख्य म्हणजे जमिनीवरच्या माणसाला दिसतं ते आपोआप विमानात उतरू नये. कुणीतरी तोंडानं सांगावं. बोलायला वेळ लागतो. एका वेळी एकालाच सांगता येतं. कुणाला आधी सांगायचं ते ठरवावं लागतं आणि त्यात चूक होते. होऊ द्या! आमच्याकडं गेल्या आठवड्यात सोमवारी नवरा-बायको एकमेकांवर आदळले. तेव्हापासून आम्ही चांगलं खेळतो.

हे खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "लग्न ठरल्यावर एवढं लांब पत्र न्हाई लिहिलंस तू मला!"

"तुम्ही कुठं मत मागितलं होतं?"

पाठवून दिल्यावर वाटलं, हे खेळासाठी लिहिलं की माझ्यासाठी? दोन्हीसाठी असेल. पण खोटं एक अक्षर नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बेबीचा फोन. तिनंही मत दिलं. "मी लिहिलं, आमच्या वहिनी वरडल्याबिगर मला उडताच येत न्हाई. जल्दी परत आणा."

भारतरावांनी लिहिलं म्हणे – नकाशा असू द्या, बायकोचा आवाज बंद करायचं बटन पण द्या. बेबी त्यांच्याशी बोलून नाही राह्यली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

यशू आज खेळायला आलीच नाही. तिचा फोन आला.

"आई, आज खेळायचं न्हाई. बोलायचंय."

"काय झालं? बरं नाही का?"

"बरीये गं. तो नकाशा आला तसं करमतच न्हाई. परवा तर मी गाणी लावून खेळले."

मला इतका आनंद झाला की लाज वाटली. मी म्हणाले, येईल परत आपलं जुनं. ती म्हणाली, "पण एक सांगू? राग मानू नको. जुन्यातपण तूच बघायचीस. यशू, मागं बघ. यशू, उंची घे. मी कुठंय, माझ्या मागं कोण लागलंय – तुला सगळं माहीत. आणि तू कुठं असतीस?"

"जमिनीवर. रडारपाशी."

"पडद्यावर आम्हा तिघांचे ठिपके असतात, आई. तुझा न्हाईच."

"मला ठिपका कशाला?"

"तेच म्हणून राह्यले मी."

मग तिनं विचारलं, तुझं कसं चाललंय? मी म्हणाले, काही नाही, नेहमीचंच. ड्यूटी, घर. "बरं," ती म्हणाली. फोन ठेवला.

तिचं ते "बरं" – अगदी माझंच! मेसचं म्हटल्यावर मी जसं म्हणायचे, तसंच.

म्हणजे जून ते आज, "नेहमीचंच" म्हणत मेसचं मीच वाढत होते की काय तिला?

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रयोग संपला. कंपनी निकाल नंतर सांगणार. तोवर खेळ बंद.

कणीस भाजलं. यांनी मीठ जास्त लावलं. यशूला फोन करून हेच सांगावं असं वाटलं, पण एवढ्यासाठी कसा करायचा? नाही केला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

खुर्ची राहिली!!

नकाशावाल्यांसाठी वेगळी मैदानं, आमच्यासाठी जुनं रडार. आणि ठिपका आता खरंच विझत जाणार! मी लिहिलं होतं तसं! (आणखी हजार जणांनीही लिहिलं असेल. असू दे.)

बेबीनं ओरडून माझा कान बधिर केला. भारतराव म्हणाले, "चला, घरातल्या टकरीला आता पुन्हा साक्षीदार झाला." हे पेढे घेऊन आले, कशाचे ते दुकानदाराला सांगता आलं नाही म्हणे.

यशूचा नुसता मेसेज – "उद्या सात. वेळेवर ये."

२० नोव्हेंबर, गुरुवार

सातला बसले तर रडारच्या खुर्चीत आधीच कुणीतरी. यशश्री! आणि धावपट्टीवर माझ्या नावाचं विमान उभं.

"चल आई, आज मी बघते. तू उड."

झाड चुकलं. उडाले! बाई गं, आतून काहीच दिसत नाही – ढग, ढग, आणि कानात फक्त ती. त्या ढगातच सांगून टाकलं, महिना झाला माझा गुडघा दुखतोय, जिना चढवत नाही, घरात कुणाला बोलले नाही.

"विमानाचं नाक वर कर आधी," ती म्हणाली. "हां. आता सांग. कुठला गुडघा?"