आर्याने परीक्षा का सोडली

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार
कादंबरी संपली एकदाची! पुढच्या शुक्रवारी कॉलेजच्या वाचक मंडळात या कादंबरीवर मला बोलायचंय. मॅडम म्हणाल्या, नुसतं आवडली, नाही आवडली नको, का ते सांग. सांगते ना! पुण्यातली दहावीची आर्या, शेजारच्या इमारतीतला नील. नील काहीच करत नाही, फक्त केस मागे सारतो. त्याने केस सारले की आर्याच्या पोटात काहीतरी होतं. दर प्रकरणात. हिला कुणीतरी ओवा द्या.

७ नोव्हेंबर
एक प्रकरण मात्र फार चांगलं आहे. क्लासला चाललेय असं आर्या आईला पहिल्यांदा खोटं सांगते, आणि आई तिला ऊन लागेल म्हणून छत्री देते. नीलला भेटल्यावर अख्खा वेळ तिला कळत नाही, ती छत्री ठेवायची कुठे. बस, एवढंच. पण हे लेखिकेला आतून माहीत आहे. वाचताना माझं ताट तसंच राहिलं होतं.

८ नोव्हेंबर
मामा आले. धुळ्याचं स्थळ आणलंय, मुलगा सुरतला कंपनीत. पुढच्या रविवारी बघायला येणार. पोलीस भरतीचं विसर म्हणाले – त्या लोकांना वर्दीतली सून नको, उगाच सकाळी पळायला जाऊ नको आता. वडील असून अण्णा पेपरात डोकं घालून बसले. आई चहा ठेवायला उठली. मीही काही बोलले नाही.

१० नोव्हेंबर
कादंबरी सापडेना. सगळं घर शोधलं – आईच्या डब्याच्या पिशवीत! सातवी शिकलेली माझी आई कापूस वेचायला जाताना कादंबरी नेते आणि दुपारच्या सुट्टीत कालीबाईला वाचून दाखवते. कालीबाई आमच्याकडे वेचणीला येते. तिला नील फार आवडलाय. आईला नाही. दोघींचं त्यावरून वाजलं म्हणे.

१२ नोव्हेंबर
नंदुरबारच्या स्टँडवर वर्गातल्या महजबीनला माझं भाषण ऐकवलं. शेवट मी पार धुऊन काढला होता. आर्याची दिल्लीची शिष्यवृत्तीची परीक्षा असते, नील रुसतो, ती जातच नाही. मग दोघं गुलमोहराखाली बसतात आणि संपलं! या मुलीला तोंड नाही का, असं मी जोरात वाचलं.
महजबीन शेंगदाणे खात होती. म्हणाली, "आर्या को इतना बोल रही, तूने मामू को क्या बोला?"
मिळाली ती बस पकडून कोरीटला घरी आले. संध्याकाळपर्यंत तिचा राग येत होता. नंतर स्वतःचाच यायला लागला.

१३ नोव्हेंबर
आईचंही पुस्तक संपलं. भाकरी थापताना एकदम म्हणाली, "परीक्षा सोडी दिनी? एक पोऱ्या रुसना म्हणीसन?"
मी म्हटलं, अगं, कादंबरी आहे ती.
"ते माले बी समजस."
मग माझ्याकडे बघतच राहिली. तव्यावरची भाकरी करपली.

१४ नोव्हेंबर
बोलले! लिहून नेलेलं अर्धंच वाचलं. म्हणाले, शेवट मला आवडला नाही, पण खोटा म्हणवत नाही. मनातलं न बोलता घरी बसणाऱ्या मुली असतात. लेखिकेचं चुकलं ते इतकंच, की त्या न बोलण्याला तिने प्रेम म्हटलं. आणि त्या छत्रीसाठी मी तिला नीलच्या केसांचे सगळे झटके माफ करते. सगळे हसले. मागच्या बाकावरून महजबीनने शिट्टी मारली, मॅडमनी ऐकलं नाही असं दाखवलं.

१५ नोव्हेंबर
आईने फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "मामा शे. तूच बोल."
बोलले. स्थळ नको, मला भरतीच द्यायचीय म्हटलं. उद्या कुणी येणार नाही. मामांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही, फोन ठेवला. अण्णांनी सगळं ऐकलं होतं. मग जेवताना विचारलं, सकाळी पळायला किती वाजता निघतेस? उद्यापासून तेही येणार आहेत. घड्याळ लावून वेळ मोजायला कुणीतरी हवं म्हणाले.