पाटीवरचं तिसरं नाव

३ नोव्हेंबर २०२५
अमृतचं आज फर्मान — तुंगार्लीच्या ह्या आपल्या बंगल्याचा इतिहास लिही! पानभरच. जानेवारीपासून पाहुणे उतरणार, त्याआधी फाटकाशी पितळी पाटी हवी. "शाळेत इतिहास शिकवलास ना? मग!" नवऱ्याकडून गृहपाठ. पण आवडला.

८ नोव्हेंबर
सासऱ्यांच्या ट्रंकेतून कागद काढले. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण वाचता येतात. १९३४ मध्ये मुंबईच्या एदलजी शेठनी बांधला. मूलबाळ नाही. मृत्युपत्रात बंगला दिला — माळ्याला! भिमाजीला! किती मोठं मन असेल. भिमाजीनंतर त्याची एकुलती मुलगी भागुबाई. १९७४ मध्ये तिच्याकडून सासऱ्यांनी घेतला. दस्तावर भागुबाईचा निळा अंगठा. त्यानंतर अमृत. पाच मालक.

सासूबाईंना वाचून दाखवलं. "कशाला जुनं उकरती, राजेश्वरी?" म्हणाल्या नि उठून आत गेल्या.

१२ नोव्हेंबर
चाँदभाई नळ दुरुस्त करायला आले होते. त्यांचे वडील शेठची गाडी चालवायचे. सहज भागुबाईचं विचारलं. "भागूताई? आहे की! सुदुंबऱ्याला दिलीय. मागच्या महिन्यात शिरगावच्या देवळाबाहेर भेटली."

जिवंत आहे! मी तिला कागदातच पुरून टाकलं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
सुदुंबऱ्याला जाऊन आले.

भागुबाई पंच्याहत्तरीच्या. ओसरीवर घेवडा सोलत होत्या. चहा झाला, गप्पा झाल्या. शेठच्या बाईंची आठवण काढताना डोळ्यांना पदर लावला — "त्यांनीच शाळंत घातलं मला. सातवी झाले मी!"

मी म्हटलं, पूर्ण नाव सांगा, पाटीवर घालायचंय. तर म्हणाल्या, "द्या हिकडं वही, मीच लिवते."

गोल, ठसठशीत अक्षर. सावकाश लिहिलं, खाली रेघ ओढली.

मी बघत राहिले. दस्तावर अंगठा कसा मग?

कसंबसं विचारलं — बंगला विकताना कचेरीत गेला होता ना? "म्या कशाला इकू? माजं वडील, दादा, वारलं त्या साली श्रीपतीभाऊ आलते. म्हनले, शेटच्या मान्सांनी बंगला परत घेतला. मी म्हनलं, त्यांचाच व्हता. माझी येक शिवनाची पेटी ऱ्हायलीती तितं, त्येवडी मागितली. त्यांनी आनून दिली. चांगला मानूस!"

चांगला माणूस! माझे सासरे.

वही मिटून उठले. निघताना त्यांनी घेवडा बांधून दिला. नको म्हणवेना.

१७ नोव्हेंबर
अमृतला सांगितलं. आधी हसला. मग लाल झाला. "पन्नास वर्षं झाली! आबा गेले, कुणाला जाब विचारणार? आणि ती बाई काही मागत्येय का?"

मागत नाही, कारण तिला माहीतच नाही. मी एवढंच म्हटलं. दार आपटून गेला.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. सगळं ऐकलं असणार.

१९ नोव्हेंबर
घेवड्याची भाजी केली. कुणी जेवलं नाही.

२४ नोव्हेंबर
अमृतनं स्वतःच मजकूर लिहून पाटीवाल्याला दिला. शेठ, मग थेट आबा. भिमाजी नाही, भागुबाई नाही. मी फोन करून काम थांबवलं. त्यावरून जे भांडण झालं ते लिहवत नाही. "घर माझं आहे," म्हणाला. चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

सासूबाई दोन दिवस देवासमोरून उठलेल्या नाहीत. नीट जेवतही नाहीत. विचारलं तर मान हलवतात.

२९ नोव्हेंबर
ठरवलं. उद्या सुदुंबऱ्याला जाणार. दस्ताची नक्कल बरोबर नेणार. भागुबाईंना सगळं सांगणार. पुढं काय होईल ते होवो. भीती वाटते — घराची नाही, अमृतच्या चेहऱ्याची.

३० नोव्हेंबर
सकाळी फाटकाबाहेर आले तर रिक्षात सासूबाई आधीच बसलेल्या. "मला बी यायचंय."

वाटेत, कामशेतच्या पुढं, रस्त्याकडं बघत बोलल्या — "कचेरीत साहेबानं इचारलं, भागुबाई कोन? ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. मी म्हनलं, मी."