झरोक्यातला बोळा

शेलूबाजार, पौष शुद्ध सप्तमी

आज डोकं दुखत नाही. बाळंत होऊन माहेरच्या या खोलीत पडल्यापासून पहिल्यांदाच.

थंडी म्हणून बाजेखाली कोळशाची शेगडी, दार लावलेलं, आणि भिंतीतल्या एवढ्याशा झरोक्यात आईने कोंबलेला जुन्या लुगड्याचा बोळा. किती सांगितलं, आई, जीव कोंदतो, बाळही कसं सुस्त पडून राहतं. "थे अशक्तपनाचं हाय. वारं लागन त्याले, गुमान पड." मी बोळा काढायचा, तिने पुन्हा कोंबायचा.

काल बाळाची पाचवी. पाटावर कोरा कागद आणि माझाच लिहायचा टाक ठेवला. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिणार. तेव्हा सुचलं. म्हटलं, "आई, समदं बंद हाय. सटवाई येईन कुठून?"

आईने झरोक्याकडे पाहिलं. पेटीवर चढून तिनेच बोळा काढला.

सकाळी बोळा घेऊन परत चढली. मी हळूच म्हटलं, "आली असन. पन गेली का, कोनी पाह्यलं?" आई बोळा न कोंबताच पेटीवरून उतरली.

असं फसवणं बरं का? असू दे. बाळ आज सगळं घर डोक्यावर घेऊन रडलं. आईही इथेच निजते ना, संध्याकाळी आपणहून म्हणाली, "माह्यंही डोकं उतरलं आज. सटवाईची किरपा. बारशापरेंत राहू दे झरोका उघडा."

मी हो म्हटलं. बोळा माझ्या उशीखाली आहे.