भाऊजींसमोर खुर्ची

१७ फेब्रुवारी, मंगळवार

खुबा बदलून महिना झाला. आज डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो बघितला आन् कपाळाला आठ्या!

"खुब्याची नवी वाटी पक्की बसलीय, पण तिचं तोंड जरा मागं वळलंय. चाला खुशाल. पण भुईवर बसलात, गुडघा पोटाकडं आला, की वाटीतला गोळा मागून निसटंल."

घरी लेकीनं, अक्षदानं, आमटीच्या वाटीत लिंबू ठेवून समजावलं. वाटी कलती केली – लिंबू टुणकन खाली! नसतं दाखवलं तर बरं होतं.

१८ फेब्रुवारी

कूस बदलताना खुब्यात टक् झालं. अक्षदा म्हणे, "चादरीचा आवाज असंल." चादर टक् वाजती व्हय!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गंगापूरहून फोन. थोरले भाऊजी रविवारी मला बघायला येणार. मेले आता!

लग्न होऊन आले तेव्हापासून भाऊजींसमोर, मल्हाररावांसमोर, कधी खुर्चीवर बसले नाय. त्यांचं खाकरणं ऐकलं, की डोक्यावर पदर आन् मी भुईला. विचार करावाच लागत नाय, अंग आपोआप उतरतं. ह्या वेळी उतरलं तर?

अक्षदा लई चिडली. "आई, परत ऑपरेशनच्या टेबलावर जायचंय का तुला?"

"मग सांग त्यांना, येऊ नका म्हणून."

"तूच सांग!"

कोण सांगणार?

२१ फेब्रुवारी

पलंगावरच पडून राहावं का? पण भाऊजींसमोर आडवं पडायचं? शी! त्यापेक्षा खुर्ची बरी. सकाळपासून खुर्चीचे हात घट्ट धरून बसायची सवय करतेय. अक्षदा हसती. हसू दे. भीती मला वाटती, तिला नाय.

२२ फेब्रुवारी, रविवार

आले. जिन्यातच खाकरले. पदर ओढला, हात सुटले, अर्धी उतरलेच होते –

"जागच्या हलू नका!"

केवढ्यानं ओरडले! मी परत टेकले. तेबी समोरच्या खुर्चीवर बसले. हातातली काठी मांडीवर आडवी ठेवली. अक्षदानं चहा ठेवला, त्याला हात लावला नाय.

मग हळूच म्हणाले, "मलाबी डॉक्टरनं खुबा बदलायला सांगितलंय. घरात कुणाला बोललो नाय. लई भ्या वाटतं, बानाबाई."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा नावानं हाक मारली.

मी खुर्चीवरूनच अक्षदाला म्हटलं, वाटी आन् लिंबू आण.